घर क्रमांक सतराचे शेरे

६ फेब्रुवारी

मामा,

सोबतचं खोकं उघडण्याआधी हे पत्र वाच. तू आधी खोकंच उघडशील हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

आमचं मासिक रोजच्या वापरातल्या स्वस्त वस्तू तपासतं. प्रयोगशाळेत मी त्या मोजते, वाकवते, तापवते, वरून खाली टाकते. पण यंत्राला कंटाळा येत नाही आणि यंत्र चिडतही नाही, म्हणून त्याच वस्तू आम्ही चोवीस घरांतही पाठवतो. त्यातलं सतरा नंबरचं घर गळालं. तिथे मी तुझं नाव दिलं आहे. तुला विरंगुळा हवा म्हणून नाही. आम्हाला घर हवं होतं म्हणून.

नियम असे. वस्तूंवरची नावं आम्ही झाकली आहेत. चिकटपट्टी खरवडून पाहायची नाही. प्रत्येक वस्तू पंधरा दिवस रोज वापरायची. आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने वापरायची, कारण हात बदलला की निकाल बदलतो. शेवटी गुण आणि शेरा लिहून पाठवायचा.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू ‘बरंय’ म्हणतोस, मी ‘बरं’ म्हणते, आणि त्याचा तक्ता करता येत नाही.

मामीला जाऊन आठ महिने झाले. स्वयंपाकघरातले डबे आता तुझ्या हाताशी येतील असे लावून घे. मामी तुझ्यापेक्षा एक फुटाने बुटकी होती. सगळं अजून खालच्या फळीवर असेल तर तुझी पाठ दुखत असणार.

तुझी भाची


२२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

खोकं उघडण्याआधी वाचायचं पत्र तू खोक्याच्या तळाशी ठेवलंस. आणि हिला म्हणे इंजिनियर केलं!

आता शेरे घे.

सोलाणं, क्र. ३. पातं सरळ, मूठ भरीव. बटाटा हातात धरला की लेथवर लोखंडाचा जॉब लावल्यासारखं वाटतं. अख्ख्या बटाट्याची एक अखंड साल काढली. तीस वर्षं टर्नर होतो, उगीच नाही. पूर्ण गुण.

टिनकटर, क्र. ४. दोन फेऱ्यांत डबा उघडा. झाकणाची कड गुळगुळीत. असा कामगार मला हाताखाली मिळाला असता तर मी फोरमन होऊन निवृत्त झालो असतो.

भांड्यांचा साबण, क्र. ५. फेस खूप. नंतरही खूप. ग्लासातलं पाणी दुसऱ्या दिवशी साबणासारखं लागलं, पण तो बहुधा माझा दोष.

गॅस लायटर, क्र. ६. पाच वेळा दाबलं की एकदा पेटतं. सहाव्यांदा दाबायची भीती वाटते.

कॉफी, क्र. ७, ८ आणि ९. तिन्ही तपकिरी.

कॉफीच्या नादात दूध उतू गेलं आणि मग करपलं. खालच्या मजल्यावर त्या निवृत्त कंडक्टरबाई राहतात ना, त्या नाक दाबून वर आल्या. म्हणाल्या, “काय जळतंय?” मी म्हटलं, “परीक्षण चाललंय.” म्हणाल्या, “नापास झालात. खिडकी उघडा आधी.” खिडकी उघडली. मग पातेलं अर्धं त्यांनी घासलं, अर्धं मी. ते परीक्षणात धरू नकोस.

डबे अजून हलवले नाहीत. हलवीन.

तुझा मामा


५ मार्च

मामा,

पत्र तळाशी गेलं ही माझी चूक. या वेळी वर ठेवलं आहे.

सोलाणं आणि टिनकटर यांचे तुझे गुण प्रयोगशाळेच्या निकालाशी तंतोतंत जुळले. साबणात तुझा दोष नव्हता. तो काचेवरून जायला बावीस सेकंद घेतो, बाकीचे नऊ घेतात. लायटरचा शेरा वाचून संपादकबाई हसल्या. त्या सहसा हसत नाहीत.

पण ‘तपकिरी’ हा शेरा नाही. आंधळ्या माणसाला तपकिरी सांगून काय कळणार, आणि डोळस माणसाला ते दिसतंच आहे. कॉफीत कडवटपणा पहिल्या घोटाला येतो की गिळल्यावर, जीभ कोरडी पडते का, थंड झाल्यावर चव तीच राहते का, हे पाहायचं असतं. जमत नसेल तर तसं लिही. लाजण्यासारखं काही नाही. वाचकाला चुकीचं सांगण्यापेक्षा ते बरं.

या खोक्यात कात्री, मापाचा जग, बाजूला चोच असलेलं पातेलं, दुसऱ्या बनावटीचा टिनकटर आणि बिस्किटांचे तीन पुडे आहेत.

डबे हलव.

भाची


२४ मार्च

चि. मोजपट्टी,

शेरे खालीलप्रमाणे.

बिस्किटं, क्र. १४. पहिला घास खमंग, दुसऱ्या घासाला तेल जाणवतं. चहात चार मोजेपर्यंत टिकतं, पाचाला बुडतं. क्र. १५. गोड आहे, पण साखरेचं गोड नव्हे. जिभेच्या मागच्या टोकाला उगीच रेंगाळतं. मुलांना आवडेल, आईला परवडेल, दातांचं देव जाणे. क्र. १६. हे चौदाच आहे. आम्हाला काय बनवता?

कात्री, क्र. १०. कागद कापत नाही, चावते. कापड दोन पात्यांच्या मध्ये घडी होऊन बसतं. अंगठ्यावर वळ उठला. शून्य.

मापाचा जग, क्र. ११. धरल्यावर आकडे दिसत नाहीत. अंदाजानेच ओतायचं तर जग कशाला, वाटी काय वाईट?

पातेलं, क्र. १२. चोच नको तिकडे. दूध कपात कमी, ओट्यावर जास्त.

टिनकटर, क्र. १३. चावी फिरत नाही. मनगट उलटं पिळावं लागतं. पाच मिनिटं झगडून डबा तसाच ठेवला.

डबे वरच्या फळीवर लावले. घर स्वच्छ आहे. दोन्ही वेळ नीट जेवतो. तब्येत ठणठणीत. काळजी नसावी. जास्त काय लिहू.

तुझा मामा


२९ मार्च

मामा,

हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिलं फाडलं, कारण त्यात निरीक्षणांच्या आधी निष्कर्ष आले होते.

तू शून्य दिलेली कात्री प्रयोगशाळेत पहिली आली आहे. तिने आठ पदरी कापड कापलं. जगावरचे आकडे सहा मिलिमीटर उंच आणि गडद निळे आहेत. बाकीच्या तेवीस घरांपैकी एकानेही ते दिसत नाहीत असं म्हटलेलं नाही. तेरा नंबरच्या टिनकटरला तू महिन्याभरापूर्वी वापरलेल्या चार नंबरपेक्षा कमी जोर लागतो. तो मी स्वतः मोजला आहे. आणि तीस वर्षं लेथवर काम केलेल्या माणसाच्या हातून डबा उघडला नाही, दूध सांडलं.

चौदा आणि सोळा एकच आहेत हे खरं. तो मुद्दाम ठेवलेला जुळा नमुना होता आणि चोवीस घरांत तो फक्त तू ओळखलास. ज्याला फेब्रुवारीत तीन कॉफ्या तपकिरी वाटल्या त्याने. याचाही अर्थ मला लागत नाही.

शिवाय तू कधीही ‘जास्त काय लिहू’ लिहीत नाहीस. तुझं नेहमी जास्तच असतं.

मला वाटतं तुझा उजवा हात दुबळा झाला आहे आणि एका बाजूचं तुला नीट दिसत नाही. दोन्ही एकदम होतं तेव्हा बिघाड हातात किंवा डोळ्यात नसतो. मी काल फोन केला, तू ‘बरंय’ म्हणालास. मामीच्या वेळी आपण दोघांनी तिचं ‘बरंय’ ऐकून घेतलं होतं, तीन महिने. मी पुन्हा ऐकून घेणार नाही.

तुझ्या डॉक्टरांशी बोलले आहे. मंगळवारी अकरा वाजता ते तुझी वाट पाहतील. माझ्याकडची मागची खोली रिकामी केली आहे. पलंग खिडकीशी लावला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. बारा एप्रिलला मी तुला न्यायला येते. वाद घालू नकोस.

भाची


४ एप्रिल

पोरी,

आधी बस. मला काहीही झालेलं नाही.

डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, “माझा हात दाबा.” दाबला. म्हणाले, “सोडा, सोडा!” डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही. म्हणाले, “भाचीने तुम्हाला कशासाठी पाठवलं?” कात्रीपायी, असं सांगितलं नाही. बदनामी नको.

तुला घाबरवलं हे फार वाईट केलं. मामीच्या वेळचं तू लिहिलंस ते वाचून हातातला कप खाली ठेवला, तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

खरं असं आहे. दुसरं खोकं मी वापरलंच नाही. कंडक्टरबाईंनी वापरलं. तपकिरीवरून तू बोललीस ते मला लागलं. म्हटलं आपल्यामुळे हिचं मासिक बुडायला नको. बिस्किटांचे पुडे घेऊन खाली गेलो नि म्हटलं, जरा चव सांगा. त्यांनी पहिल्याच घासाला एवढं सांगितलं की मला लिहायला कागद पुरेना. मग म्हणाल्या, “खोक्यात आणखी काय आहे?” तेव्हापासून रोज चार वाजता वर येतात. त्या वापरतात, बोलतात. मी उतरवून घेतो. तू म्हणालीस एकाच माणसाने वापरायचं. तो नियम काटेकोर पाळला. फक्त तो माणूस मी नव्हतो.

आणि त्या डावखुऱ्या आहेत. बसमध्ये तिकिटंही डाव्या हाताने फाडायच्या. कात्री चावते म्हणाल्या, मी ‘चावते’ लिहिलं. हाताचा संबंध माझ्या टाळक्यातच आला नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळी यंत्रं उजव्या हाताची, माणसंही तशीच. माझ्या लेखी कात्री वाईट आणि बाई बरोबर.

आता दुसरं, जे तुला लिहायचं टाळत होतो.

त्यांचा मुलगा दूर असतो, तो त्यांना कायमचं बोलावतोय. महिनाअखेर जायचं तर वीस तारखेपर्यंत घरमालकाला कळवायला हवं. मला वाटतं त्यांनी जाऊ नये. लग्न हा शब्द या वयात लिहिताना पेन अडखळतं, पण म्हणायचंय तेच. तुझी आई गेल्यावर तुझ्या मामीने तुला वाढवलं. तुझा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त हक्क. म्हणून तुला विचारतो. तू नाही म्हणालीस तर नाही. पुन्हा विषय काढणार नाही, आणि तोंडही वाकडं करणार नाही. पण वीसच्या आत लिही.

तुझा मामा


११ एप्रिल

मामा,

आधी कामाचं. सतरा नंबरच्या घराचे मार्चचे गुण रद्द केले. संपादकबाईंना कारण सांगावं लागलं. मग आम्ही जुने अर्ज काढून पाहिले. चोवीस घरांत एकही डावखुरं माणूस नव्हतं, आणि सहा वर्षं आम्ही ‘सर्वांसाठी उत्तम’ असं छापत आलो. ती कात्री पहिली नाही. उजव्या हाताची पहिली आहे. अंक थांबवला, वाक्य बदललं. चूक तुमच्या घरात नव्हती, माझ्या तक्त्यात होती.

तुझा हात चांगला आहे हे कळल्यावर मी जिन्यात बसले. किती वेळ ते मोजलं नाही.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर माझ्याकडे आज नाही. मला राग आला, आणि तो कुणाचा ते शोधायला आठवडा गेला. तुझा नव्हे. त्यांचा तर नव्हेच, मी त्यांना जिन्यात पाहिलंय तेवढंच. मामी गेल्यानंतर मी त्या घरी दोनदाच आले आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरात गेले नाही. मला वाटायचं तिथे सगळं होतं तसंच आहे; मी गेले नाही तर तसंच राहील. हे शास्त्रीय नाही.

उद्या येत नाही. वीसच्या आत लिहिते. कंडक्टरबाईंना वेगळं पत्र पाठवते आहे, ते उघडू नकोस.

भाची


११ एप्रिल

कंडक्टरबाई,

मामा तुमचा उल्लेख असाच करतो, म्हणून मीही.

तुम्ही दिलेले शेरे मी आजाराची लक्षणं म्हणून वाचले. त्याबद्दल माफी मागते. आमच्याकडे सहा वर्षांत इतके चांगले शेरे आले नव्हते.

तुम्ही इथेच राहावं अशी मामाची इच्छा आहे, आणि त्याने त्याबद्दल मला विचारलं आहे. मी उत्तर देण्याआधी मला एक माहिती हवी. तुम्हाला काय हवं आहे? बिस्किटांबद्दल लिहिलंत तितकं स्पष्ट लिहिलंत तर मदत होईल.

भाची, घर क्रमांक सतरा


१४ एप्रिल

मुली,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि जिन्यातच इतकी हसले की तुझे मामा वरून वाकून म्हणाले, “काय झालं?” म्हटलं, काही नाही, पत्र आलंय. ते लगेच आत गेले. घाबरट.

त्यांनी तुला विचारलं हे मला तुझ्याकडून कळतंय. मला अजून विचारलेलं नाही! महिनाभर रोज चार वाजता माझ्यासमोर पेन घेऊन बसतात. बिस्किट कसं, जग कसा, सगळं विचारतात. परवा म्हणाले, “भाचीचं उत्तर यायचंय.” मला वाटलं टिनकटरचं.

मी छत्तीस वर्षं बसमध्ये काढली. ज्याला उतरायचंय त्यानेच घंटेची दोरी ओढायची असते. शेजारच्याला ‘ओढू का’ विचारत बसला की थांबा मागे पडतो.

माझा मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली. पण तिथे मला किटलीसुद्धा भरू देत नाहीत. सारखं “बसा ना, बसा ना”. मला बसायची सवय नाही.

तुझ्या मामीबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. बावीस वर्षं आम्ही एका जिन्याने ये-जा केली. मला विणायचं होतं आणि डाव्या हाताला कुणी शिकवत नव्हतं. सगळ्या म्हणायच्या, तुझं उलटं बघून आमचं चुकतं. तुझी मामी शेजारी न बसता समोर बसली. म्हणाली, “आरशात बघतेयस असं समज.” आठ दिवसांत मला आलं. ती माझ्यासाठी समोर बसली होती, हे मी विसरलेले नाही. तिची जागा मला नको. समोरची खुर्ची चालेल.

मी हो म्हणेन की नाही ते तुला सांगणार नाही. ज्याचा प्रश्न आहे त्याने विचारावं, त्याला सांगेन. वीस तारीख माझीही आहे.

कंडक्टरबाई

ता. क. सोळा नंबरचं बिस्किट पुन्हा पाठवू नका. चौदाच पाठवा.


१६ एप्रिल

मामा,

तू चुकीच्या माणसाला विचारलंस.

या गोष्टीला माझी परवानगी लागत नाही. पण तू मागितलीस, आणि मी ती अडकवून ठेवली असं व्हायला नको, म्हणून लिहून देते: हो. हे मी विचार करून लिहिलं आहे. कंडक्टरबाईंचं पत्र तीनदा वाचलं. मामीने त्यांना विणायला शिकवलं होतं ते तुला माहीत होतं का? मला नव्हतं. मामीची नवी गोष्ट आता कुठून कळणार नाही असं मी धरून चालले होते. ते धरणं चुकीचं निघालं, आणि मला बरं वाटलं.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. मिळाल्याबरोबर खाली जा. भाषण तयार करू नकोस. हातात कागद नेऊ नकोस. तो तू त्यांच्यापुढे धरशील आणि त्यावर काहीतरी लिहायला लागशील.

मागची खोली तशीच ठेवली आहे. पलंग मोठा आणता येईल. सुट्टीत दोघं या.

तुझी भाची


१९ एप्रिल

मोजपट्टी,

विणायचं मला माहीत नव्हतं. मी कामावर असेन. घरात किती काय चालायचं, मला डबा तेवढा माहीत.

काल तुझं पत्र मिळालं आणि तसाच खाली गेलो. कंडक्टरबाई स्टुलावर उभ्या राहून दिवा बदलत होत्या. खाली न बघताच म्हणाल्या, “आज काय आणलंत?”

म्हटलं, “काही नाही. विचारायला आलोय.”

“कागद कुठाय?”

“कागद नाही.”

तेव्हा त्यांनी खाली बघितलं. म्हटलं, “आधी उतरता का?” म्हणाल्या, “मी नोकरीच उभ्याने केलीय. विचारा.”

विचारलं. काय शब्द वापरले ते खरंच आठवत नाही. घरमालकाला काय कळवायचं असं काहीतरी सुरू केलं आणि मग मध्येच गाडी रुळावर आली. त्यांनी दिवा फिरवून घट्ट केला. म्हणाल्या, “बटण दाबा.” दाबलं, लागला. मग उतरल्या, हात पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाटाकडे बघितलं. मोठं आहे, लाकडी, आरशाचं.

म्हणाल्या, “तुमच्या दारातून हे जाईल का?”

आज सकाळी दोघं घरमालकाकडे गेलो. बाईंनी सांगितलं, “महिनाअखेर माझी खोली रिकामी होतेय.” तो म्हणाला, “अरेरे, मुलाकडे का?” म्हणाल्या, “नाही हो. वरच्या मजल्यावर.”

पत्र लांबवत नाही, काम पडलंय. दार मोजलं. कपाट दोन सेंटिमीटरने जात नाही. दुपारपासून चौकट तासतोय. एक सेंटिमीटर झाला, एक राहिलाय.

तुझा मामा